उलटा उतरणारा पोस्टमन

उतार लागला तसा पोस्टमन वळला आणि डोंगराकडे तोंड करून उलटा उतरायला लागला.

"बाबा, पडशील!" पुढे गेलेली मुलगी ओरडली.

"डोंगर बघतोय गं. चढताना धापा टाकण्यात बघायचा राहूनच गेला."

मुलीला ते पटलं. राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा तिच्या हातात होता, आणि खाली झऱ्याकाठी तंबू एकटाच आहे याचीच तिला जास्त काळजी होती. ही सगळी टूम तिचीच. वर्गातले सगळे जाऊन आले, मग आपणच का नाही? आठवडाभर दारोदार चालणाऱ्या बापाला सुट्टीत डोंगर चढायला लावणं म्हणजे न्हाव्याला सुट्टीच्या दिवशी कौतुकानं केस कापायला बसवण्यासारखं होतं. पण बारा वर्षांच्या पोरीला हे सांगणार कोण? ती उड्या मारत वळणाआड गेली.

पोस्टमनची बायको मात्र हलली नाही. वरच्या पायरीवर उभी राहून ती नवऱ्याची पावलं बघत होती.

पोस्टमनचा उजवा गुडघा कामातून गेला होता. चढताना तो गप्प असायचा, उतरताना मात्र जीव नकोसा करायचा. उलटं उतरलं की दुखणं निम्मं होतं, हा शोध पोस्टमनला वर्षभरापूर्वी लागला होता आणि त्यानं तो कोणालाही सांगितला नव्हता. ऑफिसात कळलं असतं तर त्याच्या गल्ल्या गेल्या असत्या. पाय थकलेल्या पोस्टमनला आतल्या खोलीत टेबलाशी बसवतात, शिक्के मारायला. त्या खोलीला खिडकी नाही. बावीस वर्षं कुत्र्यांना न घाबरलेला हा माणूस त्या टेबलाला मात्र घाबरायचा.

"गेल्या महिन्यात शिंपीणकाकू भेटल्या होत्या," बायको म्हणाली.

"कोण?"

"तुमच्या बीटवरच्या गल्लीतल्या. चौथ्या मजल्यावर राहतात त्या. म्हणाल्या, तुमचे मिस्टर आमचा जिना उलटा उतरतात. आम्हाला वाटलं, पोरांना हसवायला करत असतील."

मागच्या मागे पावलानं पोस्टमन पुढची पायरी चाचपत राहिला.

"म्हणून मी या डोंगराला हो म्हटलं. नाहीतर दगडगोट्यांवर झोपायची मला काय हौस आली होती? रात्रीपासून कंबर धरलीय."

"म्हणजे मला बघायला आणलंस इथे?"

"मग कुठे बघणार? आपलं घर तळमजल्यावर. तुम्ही आलात की खुर्ची धरता, ती झोपायलाच सोडता."

तिचा आवाज चढला नव्हता. भांडायचं त्राण तिच्यातही नव्हतं. राग आला होता तो स्वतःचाच. एका घरात राहून वर्षभर आपल्याला कळलं नाही, आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईला कळलं.

पोस्टमन वाटेच्या कडेला दगडावर टेकला. गुडघ्यावर हात गेला, तो त्यानं या वेळी काढून घेतला नाही.

"सोमवारी साहेबांना सांगायचं," ती म्हणाली.

"सांगितलं की आत बसवतील."

"बसा मग."

"मला नाही गं बसता येत तिथे. बोलायला कोण आहे? शिक्का आणि शाई."

"आणि एखाद्या जिन्यावरून गडगडत खाली आलात म्हणजे? मग अंथरुणात बसाल. तिथे तर शिक्काही नाही."

समोर सगळी दरी पसरली होती, लोक लांबून लांबून जी बघायला येतात ती. पोस्टमनला त्यात फक्त उतार दिसत होता.

"दमलोय मी," तो म्हणाला.

इतकं साधं वाक्य, पण घरी तो हे कधी बोलला नव्हता. बोलल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट, आणखी दमल्यासारखं वाटलं.

"मग सोमवारी?" बायकोनं विचारलं.

त्यानं वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"तू येशील बरोबर?"

"येईन."

त्यानं मान हलवली. मग उठला, आणि आता डोंगर बघायचं नाटक संपलं म्हणून, की आपलं हे उलटं चालणं तिला दिसू नये म्हणून, सरळ वळून उतरायला लागला. पहिल्याच पायरीला त्याच्या तोंडून हाय निघाली.

"उलटेच उतरा," ती म्हणाली. "वाट मी बघते."

तिनं त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली आणि दोन्ही हात पुढे केले. त्यानं ते धरले. ती वरच्या पायरीवर, तो खालच्या. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत ती सांगत होती आणि तो पाय टाकत होता. खड्डा. थांबा. मूळ आहे, पाय उचला. आता सपाट.

खालून एक जोडपं वर येत होतं. नवरा पुढे, घामाघूम, मान खाली. बायको दहा पावलं मागे. ही दोघं दिसली तशी ती बाई कमरेवर हात ठेवून थांबली.

"अहो, बघा जरा!" ती नवऱ्याला म्हणाली. "या वयात कसे हात धरून, एकमेकांकडे बघत उतरतायत. नाहीतर तुम्ही!"

पोस्टमन ओशाळून हसला. बायको हसली नाही. तिची नजर त्याच्या टाचेमागे होती.

"दगड," ती म्हणाली. "डावा पाय टाका."