हिरवा दिवा

खाडीच्या तोंडाशी खांबावरचा दिवा आजही हिरवा होता. म्हणजे पाण्यात ठिपकेदार समुद्री गोगलगाईचा डीएनए सापडत होता, आणि ती जिवंत असेपर्यंत कायद्याने नव्या बंदराचं काम बंद होतं. नोंदी तपासायला आलेल्या मृदुलाने खांबावरच्या यंत्रातला तपशील उघडला आणि ती चपापली. महिनाभराचा सगळा डीएनए एकाच गोगलगाईचा होता.

तेवढ्यात खांबापाशी गुडघाभर पाण्यात कालवं काढणाऱ्या द्वारकाकाकू बादली रिकामी करताना दिसल्या.

"काकू, काय ओतताय?"

"समुद्राचं पाणी समुद्रात. त्यालाही तुझी परवानगी लागते गो?"

मृदुलाने बादलीत डोकावून पाहिलं. तळाशी एक ठिपकेदार शंख होता.

"जाळ्यात आली होती," काकूंचा आवाज उतरला. "गाळात परत सोडली असती तर बाकीच्यांसारखी मेलीच असती. हिच्या पाण्यावर दिवा हिरवा राहतो, म्हणून रोज ओतते. दिवा लाल झाला की खाडी उपसणार. मग कालवं कुठली नि आम्ही कुठले?"

मृदुलाने शंख उचलला. त्याला कुजका वास येत होता.

"काकू, ही मेलीय."

"परवापासून हलत नाही. पण पाणी अजून लागू पडतंय ना?"

"पडतंय. थोडे दिवस."

या गोगलगाईसाठीच मृदुला या नोकरीत आली होती. तिने शंख बादलीत ठेवला, वर खाडीचं पाणी भरलं आणि स्वतःच्या हाताने खांबापाशी ओतलं.

दिवा हिरवाच राहिला.