गळलेलं शिंग

अमेरिकेत, हर्नडनमध्ये एका घरासमोर मांडलेल्या जुन्या सामानाच्या यार्ड सेलला मी शिंगाची मूठ असलेली सुरी घेतली. हरीण मारून काढलंय का, असं विचारलं तर विकणारी म्हातारी हसली. "छे, आपोआप गळलेलं आहे. हरीण अजून हिंडत असेल. मूठ फक्त पाण्यात भिजवू नकोस, अधूनमधून तेलाचं बोट फिरव. जन्मभर टिकेल."

माझा रूममेट संग्राम ऐकेल तर शपथ. कांदा चिरला की सुरी सिंकमध्ये भिजत टाकायचा. एकदा तर त्यानं ती डिशवॉशरमध्ये घातली. एरवी डिशवॉशर आम्ही फक्त भांडी निथळायला वापरतो, पण त्या दिवशी यानं मुद्दाम चालू केला. मूठ पांढरीफटक पडली, तिला उभी चीर गेली.

"सुरीच आहे यार, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नाही," तो म्हणाला.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. रोज सकाळी मुठीला खोबरेल चोळू लागलो, आई डोक्याला चोळायची तसं, जिरेपर्यंत.

पाचव्या दिवशी चीर बुजली. आठव्या दिवशी मूठ बोटांना मऊ लागली. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. तिच्यावर बारीक तपकिरी लव आली होती, आणि ती कोमट होती.

संग्रामला मी काही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी त्यानं सिंक पाण्यानं भरलं. सुरी आत टाकल्याचा आवाज मी हॉलमधून ऐकला. मग त्यानं ती काढायला हात घातला असावा.

"सोड ना माझा हात! मस्करी पुरे झाली, यार!" तो स्वयंपाकघरातून ओरडला.

घरात आम्ही दोघंच होतो. मी सोफ्यावरून न उठता टीव्हीचा आवाज वाढवला.