शेवटचा बुटका बोआ

"हेही गेलं," दादा म्हणाला आणि त्याने चिमटा बाजूला ठेवला.

बहीण काचेला नाक लावून बघत राहिली. बुटक्या बोआचं ते शेवटचं पिल्लू. विष नाही, फणा नाही, वाढून वाढून हातभर होणारा गरीब साप; म्हणूनच घरी पाळायला शौकीन लोक त्याचे हजारो मोजत. आता त्याचा सुपारीएवढा गोळा झाला होता. डोळ्यांतून, तोंडातून रक्त आलेलं. वास तर कुजल्यासारखा.

सर्पालयातलं सगळं काम तिला दादानेच शिकवलं होतं. पेटी कशी उघडायची, पाणी कसं बदलायचं, मेलेल्याला हात का लावायचा नाही. "रोग असतो," तो म्हणायचा. मग तोच त्याला पत्र्याच्या डब्यात घालून मागच्या बागेत पुरून यायचा. भाऊच तो. भावाचं खोटं कोण तपासतं?

"तुझ्या हाताला यशच नाही गं," दादा गोळा डब्यात टाकत म्हणाला. "एकेक करून सगळी घालवलीस. साहेबांना सांगून तुला तिकीट खिडकीवर बसवतो. तिथं निदान कोणी मरणार नाही."

स्वतःच्याच विनोदावर तो हसला. ती हसली नाही. दर पिल्लामागे तिने साबणाने हात लाल होईस्तोवर घासले होते.

तिने डबा उचलला. "याला मी पुरते."

"वेडी आहेस का? आण इकडे."

"शेवटचं आहे. एवढं तरी करू दे."

तो मागोमाग धावला. तोवर तिने खुरप्याने खड्डा केला होता, डबा आत ठेवला होता आणि वर मूठभर माती टाकली होती.

"थांब!"

माती झाकणावर थांबली नाही. आत गळली. आत काहीतरी सळसळलं. तिने झाकण काढलं. गोळा सुटला होता. पिल्लू जीभ काढून मातीचा अंदाज घेत होतं. बघता बघता ते तिच्या मनगटावर चढलं.

दादाला आनंद झाला नाही. नवलही वाटलं नाही. कोणी बघतंय का, एवढंच तो बघत होता.

"मेल्याचं सोंग करतात ती, घाबरली की. रक्तसुद्धा काढतात," तो पुटपुटला. "मलाही आजच कळलं."

तिने झाकण उन्हात धरलं. दादाच्या सदऱ्यावर उजेडाचे बारीक ठिपके पडले.

"आजच कळलं, तर मग मेलेल्यांच्या डब्याला भोकं कधी पाडलीस, दादा?"