शहबाचं पिल्लू

"पिल्लू दे वहिनी. एका रात्रीपुरतं."

बखीत गुहेच्या तोंडाशी उभा होता, खांद्यावर सुलतानाच्या फौजेची नवीकोरी बंदूक. तुफूलने वर पाहिलं नाही. उंटिणीच्या पिल्लापुढे तिने शेळीच्या दुधाचं भांडं सरकवलं.

"कशाला हवंय भाऊजी?"

"दादाला घरी आणायला."

दोघे भाऊ एकाच दिवशी बंडवाल्यांना जाऊन मिळाले होते. धाकटा बखीत शरण आला. सुलतानाने त्याला माफी दिली, पगार दिला, बंदूकही दिली. थोरला महाद, तुफूलचा नवरा, तिकडेच राहिला. सरहद्दीपलीकडून दारूगोळा उंटांवर लादून आणायचा, हे त्याचं काम. तांड्याच्या पुढे त्याची लाडकी उंटीण शहबा. महाद तिचं पिल्लू घरी बांधून जायचा. मग धुकं असो की अंधार, पिल्लाच्या ओढीने शहबा नीट घर गाठायची आणि तांडा मुकाट तिच्यामागे यायचा.

पण फौजेने समुद्रापासून डोंगरमाथ्यापर्यंत काटेरी तार ओढली, तिच्यात सुरुंग पेरले. महाद नेमका तेव्हा पलीकडे गेला होता. तिथेच अडकला.

"ओढ्यापाशी तारेत फट ठेवलीय," बखीत म्हणाला. "तिथले सुरुंग मी स्वतः काढलेत. पिल्लू अलीकडे बांधायचं. ते ओरडलं की शहबा त्या फटीतून येणार, मागून दादा. मी हाक मारीन. त्याने बंदूक टाकली की संपलं! काल विमानांनी त्यांच्या तळावर बॉम्ब टाकलेत. उरलासुरला माल ते आज हलवणारच."

"आणि कुणी गोळी झाडली तर?"

"माझ्यादेखत? माझ्या भावावर?"

"शेजारच्या सलमाच्या नवऱ्यालाही हाक मारूनच बोलावलं आणि गोळी घातली. हाक मारणारा त्याचा सख्खा मामा होता."

बखीतचा चेहरा पडला. "तेव्हा मी नव्हतो ग. संध्याकाळी येतो. विश्वास ठेव माझ्यावर."

म्हणे विश्वास! तुफूलला रडू फुटलं. बखीत वाईट नव्हता; लहानपणी तिच्याच हातचं खाऊन वाढला होता. पण हाक मारणं त्याच्या हातात, गोळी थांबवणं थोडंच त्याच्या हातात होतं? महाद पलीकडे अडकलेला का होईना, जिवंत तर होता. तसाच राहू दे. वर्षभर तोंड दिसलं नाही तरी चालेल.

नाही म्हणावं, तर फौज पिल्लू ओढून नेणार. लपवावं, तर ते ओरडून सगळा डोंगर जागा करणार.

दुपारी तिने सुरी उचलली. त्या डोंगरात बायका जनावरावर सुरी चालवत नाहीत. ते पुरुषांचं काम. पण पुरुष होते कुठे? पिल्लू तिचा पदर चघळत होतं. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, अल्लाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. नंतर कितीतरी वेळ ती तशीच बसून रडत होती.

संध्याकाळी बखीत आला तेव्हा तापल्या दगडांवर मांस चरचरत होतं. तो बघतच राहिला.

"वहिनी! काय केलंस हे?"

"बसा. जेवून जा."

"तो येणार कसा आता?"

"नकोच येऊ दे."

बखीत न जेवता गेला. कितीतरी दिवसांनी तुफूलला त्या रात्री गाढ झोप लागली.

उजाडल्यावर तो परत आला. गुहेबाहेरच जमिनीवर बसला. डोक्याचं फडकं त्याने हातात घेतलं होतं.

"आला नाही ना?" तुफूलने विचारलं. तिच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

"मी रात्रभर फटीपाशीच बसलो होतो. कुणी आलं नाही. पहाटे टेकडीपलीकडे गस्तीवाल्यांना शहबा दिसली. तारेच्या पलीकडे उभी होती."

"एकटीच?"

"तांडा नव्हता. तारेच्या कडेने तिच्या पावलांची वाट पडलीय, वहिनी. रात्रभर पिल्लाचा आवाज शोधत फिरली असेल."

"आणि माल?"

 बखीत हातातलं फडकं नुसतं पिळत राहिला.

"माल नव्हता. पाठीवर दादा होता, मांडीत बॉम्बचा तुकडा घुसलेला. त्यांच्याकडे डॉक्टर नाही, म्हणून सोबत्यांनी त्याला तिच्यावर बांधून दिलं असणार, ही घरी पोचवेल म्हणून. फटीतून पलीकडे जाऊन मी दोर सोडले तेव्हा अंग अजून गरम होतं."