चिमूटभर आई

"ताई, झालं का?" दिनकरनं दाराबाहेरून चौथ्यांदा विचारलं. सकाळी वारलेल्या आईच्या मेंदूतून काढलेल्या आठवणी सुकवून दिवस मावळायच्या आत त्याच्या पोटात गेल्या नाहीत, तर त्या कायमच्या जाणार होत्या.

मेलेल्यांच्या आठवणी सुकवून देणाऱ्या कुमुदचा जीव टांगणीला लागला होता. निर्वात भट्टीचा काटा चाळीस अंशांच्या वर सरकला, की आठवणी करपतात. आत दोन बश्या होत्या. एक दिनकरच्या आईची, दुसरी एका म्हाताऱ्या कोळ्याची. अखेर भुकटी सुकली. आता दहा मिनिटं हवा हळूहळू आत सोडायची होती, पण दिनकरनं पुन्हा दार वाजवलं आणि वैतागून तिनं हवेचा कॉक एकदम फिरवला. फस्सकन हवा घुसली, काचेआड दोन्ही भुकट्या उधळल्या आणि मिसळून बश्यांत बसल्या.

तिनं दार उघडून एक बशी तशीच दिनकरच्या हाती दिली. दिनकरनं भुकटी पाण्यात ढवळून घेतली, डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"ताई, आईनं समुद्र पाहिला होता हो! आम्हाला वाटायचं, बिचारी गाव सोडून कुठं गेलीच नाही."

कुमुदनं खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाकावर वाट पाहत बसलेली कोळ्याची लेक उठली आणि पाण्याचा पेला पुढे करत म्हणाली, "आता माझे बाबा द्या."