तडकलेली प्लेट

सरावात क्लच घसरला म्हणून अश्विननं रेसची गाडी सिलतऱ्याला, बहिणीच्या वर्कशॉपमध्ये आणली. रुचितानं क्लच उघडला आणि ती हादरलीच. महिन्यापूर्वी तिनं बसवलेल्या नव्या कार्बन प्लेटा गायब होत्या. त्यांच्या जागी तिनंच भंगारात टाकलेल्या जुन्या, झिजून पातळ झालेल्या प्लेटा होत्या. एकीला आरपार तडा गेला होता. "बाबा, ह्या कोणी बदलल्या?" कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर तिच्या वर्कशॉपात मदत करणारे वडील, भैय्यालाल, मान खाली घालून म्हणाले, "मीच. मले वाटलं, क्लच घसरन, गाडी हरन, अन् पोट्टा रेसचा नाद सोडन." "तडकलेली प्लेट फुटते बाबा! तुकडे गोळीसारखे सुटतात. पायच गेले असते त्याचे!" भैय्यालालनी ती प्लेट उचलून तड्यावरून बोट फिरवलं. बाहेरून अश्विननं विचारलं, "दीदी, क्या निकला?" "इकडे ये बेटा," भैय्यालाल म्हणाले, "मी सांगतो तुले."