घर विकणे आहे

२०१० सालच्या मे महिन्यातली गोष्ट. रोडपालीच्या फ्लॅटमध्ये प्रणितने कॉम्प्युटरवर इंटरनेट उघडलं की एक जाहिरात आपोआप झळकायची: ‘घर विकणे आहे.’ फोटो त्याच्याच चिरनेरच्या घराचा होता. आजोबा गेल्यावर ते घर पाडलं, त्यालाही पंधरा वर्षं झाली होती, आणि त्याचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता.

तरी निळ्या दारावर खालच्या अंगाला, लहानपणी त्याने ब्रशने मारलेले वेडेवाकडे फराटेसुद्धा दिसत होते. आठवडाभर तो नुसता ते बघत बसला.

“पुरे झालं आता, काढून टाक ते,” त्याची बायको म्हणाली. “अख्खा कॉम्प्युटर स्लो झालाय.”

त्याने ब्राउझरमध्ये चोरून शिरलेला टूलबार शोधला, जड मनाने काढून टाकला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. कोरं पांढरं पान उघडलं. प्रणितला एकदम पोरकं वाटलं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. माणूस अनोळखी होता.

“जाहिरात बघून चिरनेरला आलोय, घर बघायला. ओटीवर एक आजोबा बसलेत. म्हणतात, आमी नाय विकनार, आमच्या पन्याला इचारा. देऊ का त्यांच्याकडे फोन?”